बुनाहावेन 12: आयला बेटाची व्हिस्की, पण धूर का नाही?

प्रश्न नागपूरहून आला आहे. मुलीने स्कॉटलंडहून परतताना विमानतळावरच्या दुकानातून बुनाहावेनची, म्हणजे तिथल्या आयला बेटावरच्या एका डिस्टिलरीची, 12 वर्षं पिंपात मुरलेल्या व्हिस्कीची बाटली आणली. "आयलाची व्हिस्की म्हणजे धूर आणि दवाखान्याचा वास, असं ऐकून होतो. हिला धुराचा मागमूसही नाही. वर बर्फ टाकला तर ग्लासातली व्हिस्की गढूळ झाली. बाटली अस्सल आहे ना? आणि एवढी महागाची चीज प्यायची कशी?"

गढूळपणाचं आधी सांगतो, कारण खरी काळजी तीच दिसते. तुमची व्हिस्की गढूळ झाली, कारण तिच्यातून काही काढून घेतलेलं नाही. लेबलवर 46.3 टक्के असं छापलेलं दिसेल, आणि चिल-फिल्टर केलेली नाही असंही. बार्लीच्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून) गाळलेल्या दारूत आणि लाकडी पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत स्निग्ध आम्लांची एस्टर, म्हणजे काही तेलकट संयुगं, असतात. अल्कोहोलचं प्रमाण 46 टक्क्यांच्या वर असेल तोवर ती मुकाट विरघळून राहतात. तुम्ही बर्फ टाकला की दोन गोष्टी एकदम होतात: व्हिस्की थंड होते आणि अल्कोहोल पातळ होतं. एस्टरना विरघळून राहायला जागा उरत नाही, ती बारीक कणांच्या रूपात बाहेर येतात आणि ग्लास धूसर दिसतो. ग्राहक बिचकू नये म्हणून बरेच कारखाने बाटली भरण्याआधी व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास थंड करतात आणि दाबाने गाळून हे पदार्थ काढून टाकतात. त्यांच्यासोबत तोंडातला भरीवपणाही थोडा जातो. बुनाहावेननेही वर्षानुवर्षं तसंच केलं, बाटली 40 टक्क्यांची असायची. 2010 मध्ये त्यांनी ते सोडलं, तीव्रता 46.3 वर नेली आणि कॅरमेलचा रंग घालणंही थांबवलं. माझ्या मते या डिस्टिलरीने अलीकडच्या काळात घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय आहे.

साध्या न्यूट्रल अल्कोहोलमध्ये रंग आणि इसेन्स घालून बनवलेली नकली दारू बर्फाने अशी धूसर होत नाही, कारण तिच्यात ही एस्टर नसतातच. तेव्हा बाटली सीलबंद होती आणि विमानतळावरच्या दुकानातून आली होती, एवढं पुरे. निश्चिंत राहा.

आता धुराचं.

आयलाच्या मातीतून, पाण्यातून किंवा समुद्राच्या वाऱ्यातून व्हिस्कीत धूर येतो, हा समज चांगल्या जाणकारांकडूनही ऐकायला मिळतो. धूर येतो तो फक्त एका जागेवरून: बार्ली वाळवायच्या भट्टीतून. माल्ट करायचा म्हणजे बार्ली भिजवून मोड आणायचे आणि मोड ठरावीक लांबीचे झाले की वाढ थांबवायला ती वाळवायची. वाळवायला सरपण लागतं. आयलावर जंगल नावालाच, कोळशाच्या खाणी नाहीत. आहे ते पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या शेवाळ्याचा, गवताचा आणि झुडपांचा थर. तो विटांसारखा कापून वाळवायचा आणि जाळायचा. बेटावरच्या चुलीत तोच जळायचा, माल्टच्या भट्टीतही तोच. त्याच्या धुरातली फिनॉल वर्गातली संयुगं ओलसर दाण्याच्या सालीला चिकटतात. दाणा ओला असतानाच हे होतं. एकदा वरची साल कोरडी पडली की नंतर कितीही धूर दिला तरी फारसा लागत नाही. म्हणून पीट जाळायचं ते सुरुवातीला, उरलेली वाळवणी नुसत्या गरम हवेवर.

माल्टला किती धूर लागला, ते दशलक्ष भागांत फिनॉलचे किती भाग यावर मोजतात. आयलावरच्याच इतर डिस्टिलऱ्या पाहा: आर्डबेगचा माल्ट 55 च्या आसपास, लाफ्रॉयगचा 40 ते 45, कूल इलाचा 30 ते 35. बुनाहावेनचा नेहमीचा माल्ट मात्र जेमतेम एक-दोन, म्हणजे नाकाला कळणारच नाही. हे आकडे माल्टचे आहेत, ग्लासातले नाहीत. सालीचा बराच भाग मॅशिंगनंतर, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड रस काढल्यावर, चोथ्यात निघून जातो, पुढे गाळताना आणखी गळती होते आणि निम्म्याहून अधिक फिनॉल वाटेतच संपतं. 40 आकड्याची व्हिस्की 20 आकड्यापेक्षा दुप्पट धुरकट लागेल, हा हिशेब म्हणून खरा ठरत नाही.

इथे नकाशा उघडून पाहा. आयलाच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्ट अस्केगचा धक्का आहे. त्याच्या उत्तरेला लगेच कूल इला आणि त्याच किनाऱ्याने आणखी वर, रस्ता संपतो तिथे बुनाहावेन. दोन्ही डिस्टिलऱ्यांसमोर तीच अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे ज्युरा बेटाचे तेच डोंगर. हवा, पाऊस, समुद्र, सगळं एकच. तरी एकीची व्हिस्की धुरकट आणि दुसरीची नाही. याहून मजेची गोष्ट म्हणजे दोघी एकमेकींचं काम करून पाहतात. कूल इलाने काही हंगामांत धूर नसलेला माल्ट वापरून व्हिस्की गाळली आणि ती वेळोवेळी बाटलीतही आली. बुनाहावेन वर्षातला काही काळ भरपूर पीट दिलेला माल्ट चालवते. ती व्हिस्की मोइन्य या नावाने मिळते, आणि तोइत्यख नावाच्या बाटलीतही तिचाच धूर असतो. दारू गाळायच्या भट्ट्या त्याच, पाणी तेच, माणसं तीच. बदलला तो फक्त माल्ट.

आयलावर धूर न देणारी बुनाहावेन एकटी नाही. पश्चिमेकडची ब्रुकलॅडी आपल्या नावाने जी व्हिस्की विकते, तीही पीटविना असते. पण बुनाहावेनची हकिगत मला जास्त बोलकी वाटते, कारण तिथे धूर आधी होता आणि मग जाणूनबुजून काढला गेला.

डिस्टिलरी 1881 मध्ये बांधायला घेतली तेव्हा त्या खाडीवर काहीच नव्हतं. रस्ता, धक्का, कामगारांची घरं, सगळं तिच्यासोबत उभं राहिलं. पहिल्याच हिवाळ्यातल्या वादळाने किनाऱ्यावर ठेवलेले बॉयलर उचलून सामुद्रधुनीपलीकडे ज्युराच्या किनाऱ्यावर नेऊन टाकले होते. दारू गाळायला सुरुवात झाली 1883 मध्ये. बार्ली आणि कोळसा लहान वाफेच्या बोटींनी यायचा, भरलेली पिंपं त्याच बोटींनी जायची. 1887 मध्ये मुख्य भूमीवरच्या ग्लेनरॉथेसशी जोडून हायलँड डिस्टिलरीज ही कंपनी झाली. पुढचं जवळजवळ सगळं शतक बुनाहावेनची व्हिस्की स्वतःच्या नावाने नाही, तर ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक व्हिस्की एकत्र करून केलेल्या मिश्रणात, घालण्यासाठी विकली गेली. फेमस ग्राउस, कटी सार्क, ब्लॅक बॉटल यांत ती असायची.

ब्लेंड करणाऱ्याच्या बाजूने विचार केला की पीट का गेलं ते लगेच कळतं. धुरकट माल्ट ब्लेंडमध्ये थोडासाच घालता येतो, जरा हात सैल सुटला की बाकी सगळं झाकून टाकतो. बिनधुराचा, गोलसर, फळांच्या चवीचा माल्ट मात्र सढळ हाताने वापरता येतो, आणि मागणी त्याचीच मोठी होती. 1963 मध्ये बुनाहावेनने दारू गाळायच्या दोनाच्या चार भट्ट्या केल्या, स्वतःच्या जमिनीवर माल्ट पसरून मोड आणण्याचं काम बंद केलं, आणि त्याच सुमारास पीटही जवळजवळ सोडलं. आता बिनधुराचा माल्ट मुख्य भूमीवरून येतो. पाण्यातही पीटचा अंश नको म्हणून मार्गडेलच्या झऱ्यांचं पाणी नळाने थेट आणतात. ते दलदलीतून वाहत आलं तर तपकिरी होऊन पोचलं असतं. खरं तर तपकिरी पाण्याने व्हिस्की धुरकट होत नाही, कारण न जळलेल्या पीटला धूर नसतो. पण त्यांचं धोरण किती ठाम होतं ते यावरून कळतं.

स्वतःच्या नावाची 12 वर्षांची बाटली 1970 च्या दशकाच्या अखेरीस आली. या सगळ्या वाटचालीत मंदीने दोनदा कुलूप लागलं, 1930 ते 1937 आणि पुन्हा 1982 ते 1984. मालकही बदलत गेले, त्यात शिरत नाही.

मग धूर नाही तर आहे काय? काही जण बुनाहावेनचं वर्णन नुसतं "सौम्य आयला" असं करून मोकळे होतात. त्याने मला वाईट वाटतं, कारण त्यात फक्त अभाव सांगितला जातो.

त्यांच्या दारू गाळायच्या भट्ट्या अवाढव्य आहेत आणि त्या तोंडोतोंड भरत नाहीत, अर्ध्याच्या आसपासच भरतात. मी गोव्यात माल्ट गाळण्याच्या आणि पिंपघराच्या कामात आहे, तेव्हा एवढं अनुभवाने सांगू शकतो की भट्टीत वर मोकळी जागा जितकी जास्त, तितकी वाफ तांब्याला जास्त घासते. जड, गंधकाच्या वासाचा भाग तांब्यावर अडतो किंवा थंड होऊन परत खाली पडतो. वर जाऊन नळीतून उतरते ती हलकी, स्वच्छ, फळांच्या वासाची दारू. उलट फिनॉल ही गाळणीच्या उत्तरार्धात जास्त उतरतात. म्हणून पीटवाली व्हिस्की करताना भट्टीवाला धारेचा मधला भाग, जो व्हिस्कीसाठी ठेवतात, जरा उशिरापर्यंत घेतो, आणि बिनधुराची करताना लवकर तोडतो. गाळणाऱ्याचं सगळं कसब या तोडण्याच्या क्षणात असतं. स्पिरिट सेफ नावाच्या काचेच्या कुलूपबंद पेटीत धार चालू असते, तीव्रता मोजणारा हायड्रोमीटर तरंगत असतो, वास क्षणाक्षणाला बदलत असतो: आधी सफरचंदासारखा, मग बिस्किटासारखा, आणि मग एकाएकी ओल्या पुठ्ठ्यासारखा. तो पुठ्ठा येण्याआधी धार वळवायची.

दुसरी मोठी गोष्ट पिंपांची. तुमच्या बाटलीत बोरबनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) आणि शेरीच्या अशा दोन्ही पिंपांतली व्हिस्की एकत्र आहे, आणि चवीवर छाप शेरीची आहे. शेरी म्हणजे स्पेनमधल्या हेरेस भागातली वाइन. तिची ओलोरोसो जात ज्या लाकडात राहिली, ते लाकूड मनुका, अक्रोड, सुके अंजीर, भाजलेल्या साखरेचा वास देतं. रंगही त्यातूनच येतो. बाटली काळपट काचेची असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही, पण ग्लासात ओतल्यावर जो सोनेरी-तांबूस रंग दिसतो तो सगळा लाकडाचा आहे.

आणि खारटपणा. बुनाहावेनच्या चवीत शेवटी किंचित खारट झाक लागते, हे खरं. "समुद्राच्या वाऱ्याने पिंपात मीठ शिरतं" हे स्पष्टीकरण मात्र मी कधी मान्य केलेलं नाही. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे गाळताना ते दारूत येऊच शकत नाही. शिवाय बाटल्या भरल्या जातात मुख्य भूमीवर. जिभेला जे खारट वाटतं ते लाकडातला तुरटपणा, शेरीचा सुक्या मेव्यासारखा कोरडेपणा आणि माल्टचा गोडवा यांच्या एकत्र परिणामातून जुळून येतं. किनाऱ्याचा फोटो समोर असला की ते आणखी खारट लागतं. एकदा मित्राकडून लेबल झाकून ओतून घ्या आणि पाहा.

बारा वर्षांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण आपल्याकडे लोक वयाचा आकडा थेट तुलनेला घेतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के व्हिस्की उडून जाते. बारा वर्षांत साधारण पाचवा हिस्सा गेला. गोव्याच्या उकाड्यात ही घट कितीतरी पट असते. वर्षाला 8 टक्के धरली तरी बारा वर्षांनी पिंपात तिसऱ्या हिश्शाहून थोडंसंच जास्त उरेल, आणि ते इतकं लाकूड प्यालेलं असेल की तुरट लागेल. म्हणून आपल्याकडचे माल्ट कमी वयात बाटलीत येतात आणि तरीही पक्व असतात. तिथली बारा वर्षं आणि इथली पाच यांत लहान-मोठं ठरवण्यात अर्थ नाही. लाकडाची आणि हवेची गती वेगळी आहे, एवढंच.

आता प्यायचं कसं.

पहिला ग्लास बर्फाशिवाय आणि सोड्याशिवाय घ्या, एवढी एकच विनंती. पोट रुंद आणि तोंड अरुंद असा लहान ग्लास मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास चालेल. जाड बुडाच्या रुंद ग्लासात वास पसरून जातो. 30 मिली ओता आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. नाक ग्लासात खुपसू नका, कडेशी धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे अल्कोहोलचा झणका लागत नाही. आधी मनुका आणि टॉफी येईल, मग भाजलेले दाणे, मग थोडी दमट लाकडाची छटा. पहिला घोट अगदी लहान, तोंडभर फिरवून. तो फक्त जिभेला तयार करण्यासाठी असतो, चव खरी कळते दुसऱ्या घोटाला.

मग पाणी. चमच्याने घाला, धारेने नको. 30 मिलीत 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी घातलं की 46.3 टक्क्यांची व्हिस्की 40 टक्क्यांच्या जवळ येते. तिथे शेरीची बाजू मोकळी होते आणि आल्यासारखा तिखटपणा मऊ पडतो. बुनाहावेनला मला हाच टप्पा सर्वांत आवडतो. पाणी बोअरचं नको. त्यातल्या क्षारांनी चव मरते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर उकळून निववून घ्या.

नागपुरातल्या मे महिन्यात खोलीचं तापमानच 35 ते 40 अंशांवर असतं, आणि "रूम टेंपरेचरला प्या" हा स्कॉटलंडचा सल्ला तिथली वीस अंशांची खोली गृहीत धरतो. तेवढ्या उकाड्यात अल्कोहोल नाकात झोंबतं आणि बाकी काही कळत नाही. तेव्हा रिकामा ग्लास पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा किंवा घालायचं पाणी गार घ्या. बर्फ हवाच असेल तर एकच मोठा खडा, हळू विरघळणारा. थोडी धूसर होईल, होऊ द्या.

चकण्याला शेव, तिखट चिवडा, मसाला शेंगदाणे नकोत. तिखटाने बधिर झालेल्या जिभेवर या व्हिस्कीचा अर्धा भाग वाया जातो. साधे भाजलेले काजू, सुके अंजीर, अक्रोड, कडू चॉकलेटचा तुकडा एवढ्यावर भागतं. जेवणानंतर घेणार असाल तर तेही नको.

बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढ्या तीव्रतेचं अल्कोहोल बूच खातं. उन्हाच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, विदर्भातल्या उन्हाळ्यात तिथे बाटली अक्षरशः तापते. फोडलेली बाटली अर्ध्यापर्यंत आली की आत हवा वाढते आणि काही महिन्यांत फळांची बाजू सपाट होऊ लागते. तशी वेळ आली तर उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

धुराची उत्सुकता अजून असेल, तर पुढची बाटली कूल इला 12 ची घ्या. ती 43 टक्क्यांची आहे, म्हणून तुलना करताना बुनाहावेनच्या 30 मिलीत दोन मिली पाणी घालून दोन्ही एका पातळीवर आणा. दोन ग्लास शेजारी, आधी बुनाहावेन, मगच कूल इला. उलट क्रमाने घेतलंत तर धूर जिभेवर बसून राहतो आणि बुनाहावेन पांचट वाटते, तो तिच्यावर अन्याय आहे.